युनूसभाईंनी शिकवलेली विमानातली झोप

“मॅडम, आधी बूट काढा,” युनूसभाई म्हणाले.

जेवणाची सुट्टी होती. डिस्पॅचच्या भिंतीला लावलेल्या रिकाम्या खोक्यांवर आम्ही दोघं बसलो होतो आणि शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यातली निम्मी माणसं लांबून मजा बघत होती. त्यांचंही बरोबर होतं. युनूसभाई आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, पडेगावहून येतात. बसल्या बसल्या झोपण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मी क्वालिटी मॅनेजर. थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, अचानक फेरी मारून झोपलेल्यांना पकडण्यासाठी मी बदनाम. खुद्द युनूसभाईंना मी मेमो दिलेला आहे. आणि आता त्यांच्याच पुढ्यात शिकायला बसले होते.

कारण असं. आमच्याकडे ब्रेकचे सिलिंडर बनतात. ते गळतात का हे तपासणारं नवं मशीन जर्मनीत तयार झालं होतं. ते इकडे पाठवण्याआधी तिथं जाऊन चालवून बघायचं आणि पसंत पडलं तर सही करायची. याला आम्ही ट्रायल म्हणतो. कंपनी मुंबईहून रात्रीचं विमान देते. सकाळी उतरायचं, तोंड धुवायचं आणि नऊ वाजता ट्रायलला उभं राहायचं. मागच्या वर्षी अशाच एका ट्रायलला मी रात्रभर टक्क जागी राहून गेले. दुपारी समोरचे आकडे पोहायला लागले होते. तरी सही केली. ते मशीन इथं आल्यावर चुका करायला लागलं आणि तीन महिने आम्ही डोकं धरून बसलो. एखादा गळका ब्रेक गाडीत गेला असता तर, या विचारानं मला अजून घाम फुटतो. तेव्हा या वेळी झोपणं हे माझं कामच होतं.

गळ्यातली उशी, कानातले बोळे, डोळ्यांवरची पट्टी, सगळं मी विकत आणलं होतं. युनूसभाईंनी भाजी निवडावी तसं निवडून फक्त पट्टी ठेवली. मग शिकवणी सुरू झाली. पोटभर जेवूनच निघायचं, विमानातल्या जेवणाची वाट बघत बसायचं नाही. जागा खिडकीची, कारण डोक्याला भिंत लागते. पाय बॅगेवर. हात काखेत खोचायचे, नाहीतर ते घसरतात आणि माणूस दचकून उठतो. हे मला माहीत होतं. मी पकडायचे ते त्या दचकण्यावरूनच.

“एवढं करून डोळा लागला नाही तर?” मी विचारलं.

ते जरा घुटमळले. “रागवू नका मॅडम. बॉडीचं काय, ती कुठंबी पडती. झोप अडती ती डर असतो म्हणून. आमी काय करतो, सुपरवायझरची फेरी होऊन गेली का मगच डोळे मिटतो. एकदा माणूस गेला का पाऊण घंटा तरी येत नाय. लई गाढ लागती.”

“विमानात कोण फेरी मारणार?”

“तुमीच की. तुमी तिथंबी फेऱ्याच मारत बसणार.”

मला राग आला. पण सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि रागवायला वेळ मिळाला नाही.

विमानात शेजारी आमचे प्लँट हेड देशपांडे सर होते. झोप काय, घरी गेल्यावर घेता येते, असं म्हणून त्यांनी पहिला सिनेमा लावला. युनूसभाईंनी सांगितलं तसं मी सगळं केलं. डोळे मिटले. इंजिनाच्या आवाजात कुठंतरी बेअरिंग वाजतंय असं वाटलं. ते ऐकलं. मागे कोणी खोकलं, ते मोजलं. पुढच्या माणसाचा पट्टा लागलाय का, ते पट्टी वर करून वाकून बघितलं. आणि तिथंच मला युनूसभाईंचं म्हणणं पटलं. मग मी मनातल्या मनात उठले, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आले, सगळं ठीक आहे अशी नोंद केली आणि माझ्यातल्या त्या फेऱ्या मारणाऱ्या बाईला घरी पाठवून दिलं. त्यानंतर मला आठवतो तो एकदम कॉफीचा वास. सरांचा चौथा सिनेमा संपत आला होता.

ट्रायलला आम्ही सिलिंडरचा एक पीस मुद्दाम बारीक भोक पाडून, लाल रंग देऊन नेतो. दर तासाला तो मशीनमध्ये घालायचा. मशीननं त्याला नापास केलं पाहिजे. पहिल्या तासाला केलं, दुसऱ्याला केलं. मशीन बनवणाऱ्या जर्मन लोकांनी सहीसाठी पेन काढलं. सर म्हणाले, “छान चाललंय. करून टाका सही.”

ट्रायल चार तासांची ठरलीय, एवढंच मी म्हटलं. सर खुर्चीत बसले आणि बसल्याक्षणी घोरायला लागले. तिसऱ्या तासाला लाल पीस घातला आणि हिरवा दिवा लागला, म्हणजे पास. मी पुन्हा घातला. पुन्हा हिरवा. मशीन तापलं की त्याचा सेन्सर चुकत होता. ते दोन तासांत कधीच दिसलं नसतं. मी सही केली नाही. दुरुस्ती होऊन दुसरी ट्रायल होईपर्यंत महिना गेला, पण त्या मशीननं इथं आल्यापासून आम्हाला एकदाही फसवलेलं नाही.

परत आल्यावर दौऱ्याचा रिपोर्ट भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, दौऱ्यासाठी घेतलेलं प्रशिक्षण आणि कोणाकडून. मी युनूसभाईंचं पूर्ण नाव लिहिलं. एचआरमधून फोन आला, हे कसलं प्रशिक्षण आणि किती तासांचं?

“झोपेचं,” मी म्हटलं. “वीस मिनिटांचं. पण चार तास टिकलं.”

मशीन तपासायला माणूस पाठवताना आम्ही त्याचा पासपोर्ट बघतो, व्हिसा बघतो, इंग्रजी बघतो. त्याला बसून झोपता येतं का, हे कोणी विचारत नव्हतं. आता मी विचारते.