थोरलीनं बदललेली चौकट

थोरलीच्या मधमाश्यांच्या पेटीच्या दारात रोज सकाळी नर मरून पडायचे. कामकरी माश्या त्या जाडोबांना पंखाला धरून ओढत आणायच्या आणि फळीवरून ढकलायच्या. सासूबाई उठायच्या आत थोरली ते झाडून टाकायची. शेजारच्या, धाकट्या जावेच्या पेटीत मात्र नर अजून आयतोबासारखे लोळत होते. फुलं संपत आली, थंडी तोंडावर आली, तरी!

"जाऊबाई, माझी पिल्लं बघा कशी टरारलीयत!" धाकटी पेटीतली पोळ्याची चौकट उचलून दाखवायची. पिल्लांच्या घरांवरची टोपणं खरंच घुमटासारखी वर आलेली.

"झाक गं, नजर लागेल," थोरली म्हणायची. कोणाची, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

अकरा वर्षं हेच. थोरलीनं केलं की सासूबाईंचं 'बरंय', धाकटीनं केलं की 'वा!' थोरली शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासून येऊन पेटी बघायची, धाकटी गाणं गुणगुणत. आता सासूबाईंचे गुडघे गेले होते. रविवारी त्या दोघींच्या पेट्या उघडणार आणि परसातल्या आपल्या बारा पेट्या एकीच्या हाती देणार होत्या.

गुरुवारी धाकटी बाजारात गेली. थोरलीनं तिच्या पेटीतली सगळ्यात टपोरी चौकट काढली, माश्या झटकल्या आणि आपल्या पेटीत सरकवली. तिकडे आपली एक सपाट चौकट ठेवली. जीव गार झाला.

रविवारी थोरलीच्या फळीवर पांढरा सडा पडला. झाडला, तर परत पडला. सासूबाईंनी वाकून एक कण उचलला. नराचं कच्चं पिल्लू, जांभळ्या डोळ्यांचं.

"हे कुठनं आलं?"

"आतलंच असेल, आई."

"तुझ्या माश्यांनी महिन्याभरापूर्वीच नर हाकललेत. रोज झाडतेस ते मला ऐकू येत नाही होय? पोटाला नाही तेव्हा शहाण्या माश्या नर पोसत नाहीत. हे नको म्हणून उपसून टाकतायत."

मग त्यांनी धाकटीची पेटी उघडली आणि एकेक चौकट उचलून पाहिली. "हिची राणी म्हातारी झाली. ही फुगीर टोपणं सगळी नरांची; नुसती नरांचीच अंडी घालतेय. कामाला नवी माशी नाही; थंडीत पेटी मेली असती. आणि ही एकच सपाट चौकट कुणाची?"

"माझी," थोरली म्हणाली. "मी बदलली."

"माझी घेतलीत? का?" धाकटीनं विचारलं.

"तुझी छान होती म्हणून."

"छान!" सासूबाई कडाडल्या. "हिनं दुखणं मिरवलं, तू दुखणं चोरलंस! बारा पेट्या यंदा कुणालाच नाहीत. म्हातारी राणी काढते मी. हिच्या माश्या तुझ्या पेटीवर चढवा."

धाकटी रडायला लागली. सासूबाईंचा हात लगेच तिच्या पाठीवर. रडतानाही मेली छानच दिसत होती.

थोरलीनं वर्तमानपत्राला भोकं पाडून आपल्या उघड्या पेटीवर पसरलं. कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडच्या माश्यांचा वास एक होतो, मग मारामारी होत नाही.

"मग ही पेटी कोणाची म्हणायची?" धाकटीनं नाक ओढत विचारलं.

"राणी माझी," थोरली चटकन म्हणाली. कागदाची कड सारखी केली. "माश्या तुझ्या. चल, उचल तिकडून. आणि गाऊ नकोस."