सिस्टरच्या केकमधलं अंडं

तीन वर्षांपूर्वी मी येडाई देवीला बोलले होते, "लेकीची कूस भरू दे. नातवंड मांडीवर येईपर्यंत अंड्याला शिवणार नाही." नवस साधाच; पण त्यापायी आमच्या कळंबच्या गल्लीत इतके किस्से साठलेत, की नातवंडाला गोष्टी कमी पडायच्या नाहीत!

हे सगळं घडतं शेजारच्या सिस्टरच्या ओसरीवर. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. डिसेंबर लागला की चर्चमधल्या वेदीसाठी कापडावर भरतकाम करायला घेतात. दुपारी मी आणि कोंबड्या पाळणाऱ्या शेवंताकाकू तिथं जाऊन बसतो. मी मदतीला, काकू पाळतीवर!

*

पहिल्या वर्षी सिस्टरनी काटेरी पानं आणि लाल फळं छापून दिली. असलं झाड कळंबात कुणी पाहिलंय? मी आपली माझ्या हातानं फळं जरा लांबवली. चर्चमध्ये एकीनं विचारलं, "यंदा वेदीवर मिरच्या का हो?"

सिस्टर म्हणाल्या, "दृष्ट लागू नये म्हणून!"

*

सिस्टर केक करतात जुन्या कुकरमध्ये, शिट्टी काढून, तळाला वाळू घालून. काकूंना राहवेना. "वाळूत आमी शेंगा भाजतो. ह्यात काय दडवलंय बघू." झाकण उचललं. फुगलेला केक मधोमध खाली बसला!

"काकू, तुमच्या संशयाच्या वजनानं बसला बघा," सिस्टर म्हणाल्या.

*

माझ्यासाठी म्हणून त्या केक दह्यातलाच करतात. काकूंना तेही पटेना. "अंड्याबिगर फुगतंय व्हय? सुमन, लई भोळी हायेस तू."

यंदा काकूंनी मला हाताला धरून सिस्टरच्या परसात नेलं. गुलाबाच्या कुंड्यांत अंड्याची टरफलं! चांगली मूठमूठभर!

लेकीला दोनदा दिवस जाऊन टिकले नव्हते, आता कुठं तिसरा महिना सरत आलेला. माझ्याच तोंडानं नवस मोडला असेल तर? सिस्टरकडून आलेला यंदाचा केक तसाच झाकून परत पाठवला. ओसरीवर जाणं बंद केलं.

*

पाचव्या दिवशी सिस्टरच भरतकामाची रिंग आणि दोरे घेऊन दारात. "वैनी, मिरच्या अर्ध्या राहिल्यात."

काकू मागून धावत आल्या. "आधी त्या टरफलांचं सांगा!"

"ती? स्टँडवरच्या आम्लेटवाल्याकडून आणते. गुलाबाला चांगली असतात. माझ्या घरात कुठलं अंडं?"

"का? तुमाला तर चालतंय की!"

सिस्टरनी सुईत दोरा ओवला. "चालायचं. वैनींनी नवस बोलल्याचं कळलं, त्या दिवसापासून बंद केलंय. नातवंड आलं की दोघी मिळून खाऊ."

"सांगितलं नाही कधी?" मी म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही कधी."

काकू तडक घरी गेल्या आणि पदरात सहा अंडी घेऊन आल्या.

"आजपास्नं म्या बी सोडलं, ही त्या आम्लेटवाल्याला देऊन टाका. पर सिस्टर, कोंबडीला कोण सांगंल?"

लेकीला चौथा लागलाय. तुमच्याही शेजारी कुणी नवस धरून बसलं असेल. थोडा तुम्ही धरा ना, न सांगता.