फुलाशिवाय नाव नाही

मी वर्गीकरणशास्त्रज्ञ आहे. शब्द एवढा लांबलचक, की सांगून होईस्तोवर ऐकणाऱ्याचा चहा संपतो. गावात म्हणतात, झाडाची डाक्टर. छे, औषधपाणी काही येत नाही मला. सजीवाची ओळख पटवायची, त्याला नाव द्यायचं, ते कोणत्या कुळातलं ते ठरवायचं, एवढंच काम. कुरखेड्याकडे कॉलेजात मी तेच शिकवते.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या गावातला एक म्हातारा शेतकरी आला. गावच्या टेकडीवर त्यांची मोहाची झाडं होती, गुरं चरायची. आता रस्त्यासाठी तिथला मुरूम उपसणार होते. त्याने फडक्यातून वाळकी पानं अन् एक कंद काढला.

"बाई, हे दुसऱ्या कुठीच नाई. तुमी नाव सांगा. दुर्मिळ निंगालं त टेकडी वाचते."

"भाऊ, फूल कुठाय?"

"फूल जेठात येते, पाणी पडाच्या आधी. तवा पान नसते."

झालं! या कुळातल्या कितीतरी झाडांची पानं अगदी सारखी असतात. आमच्यात फूल पाहिल्याशिवाय नाव देत नाहीत. अंदाजाने दिलेलं चुकीचं नाव पुढे वर्षानुवर्षं पुस्तकांतून फिरत राहतं.

"अन् मशीन थांबते का तवरक?" त्याने विचारलं.

मी रस्त्याचं काम पाहणाऱ्या साहेबांकडे गेले. झाड दुर्मिळ असण्याची शक्यता आहे, म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, शक्यतेवर काम थांबत नाही. नाव आणा." बोलणं बरोबरच होतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला.

उन्हाळा लागला अन् टेकडी गेली, मोहासकट. आता तिथे खड्डा आहे.

जेठात म्हातारा परत आला. मुरुमाबरोबर एक कंद रस्त्यावर गेला होता, तो कडेला फुलला होता. त्याने आणलेलं फूल मी भिंगाखाली धरलं अन् लगेच ओळखलं. आपल्या भागात हे झाड कोणाला सापडलेलं नव्हतं. मला रडू आवरेना.

"भेटलं नाव?"

"भेटलं, भाऊ."

नमुन्याच्या चिठ्ठीवर नावाखाली ठिकाण लिहितात. फूल जिथे खुडलं तेच लिहायचं, हाही आमचाच नियम. मी लिहिलं : रस्त्याची कडा, टाकलेला मुरूम.

"वाचून दाखवा," तो म्हणाला. मी वाचलं.

"त्याच्यात टेकडी नाई आली."

"नाही आली, भाऊ."