चुंबकाची साक्ष

वारंगा फाट्यावरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. सोयाबीन काढणीला आलं होतं आणि माझ्या ट्रॅक्टरचं इंजिन खोलायचं की नाही, हे तो सांगणार होता.

त्यानं इंजिनातल्या तेलाचा थेंब जुन्या पेपरावर टाकून उन्हात धरला. "कागद म्हंतो, ठीक हाय." मग डोळे मिटून, अत्तर पारखावं तसं तेल बोटांत चोळलं. "बोटं म्हंतात, कचकच न्हाई." शेवटी रेडिओच्या स्पीकरातलं चुंबक तेलात बुडवलं. ते लोखंडाच्या चुऱ्याच्या मिशा घेऊनच वर आलं.

"ते दोघं खोटं बोलून राहिले. चुंबक बराबर. खोला इंजिन!"

"मघाशी ग्राइंडरखालच्या लोखंडाच्या चुऱ्यात पडलेला नट तुमी यानंच उचलला ना?" मी विचारलं.

त्यानं चुंबक चिंधीनं रगडून पुसलं, पुन्हा बुडवलं. या खेपेला मिशा सफाचट!

मला वाटलं, आता ओशाळेल. तो उलट खुलला. "पाहा, चुंबक खोटं बोललंच न्हाई. फकस्त तुमच्या इंजिनाचं सोडून माझ्या दुकानाचं सांगून राहिलं."

तेव्हापासून कुणी छातीठोक पुरावा पुढं केला, की मी आधी त्याचा ग्राइंडर कुठं आहे ते पाहतो.