लग्नपत्रिकांचं गाव

स्वतःची धानाची गिरणी असून एकेक दाणा नखानं सोलणारा माणूस भंडारा जिल्ह्यात माझ्या मामेभावाशिवाय दुसरा नसेल. जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा एखादा गोंदियाच्या वाट्याला गेला असेल तर मला कल्पना नाही. पण आपल्याकडे राहिला तो हाच, आणि नेमका आमच्या नात्यात निघाला.

मी त्याला दादा म्हणतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कोंढ्याच्या अलीकडे जे नवं गाव वसवलंय तिथं त्याचं घर आणि घराला लागून गिरणी. आठवड्याचे सहा दिवस तो गिरणीच्या घरघरीत उभा असतो, भुवयांवर पांढरी भुकटी साचलेली, आणि गिऱ्हाइकांशी हातवाऱ्यांनी बोलतो. गुरुवारी गिरणी बंद. त्या दिवशी तो गावातला सर्वांत शांत माणूस असतो. शांत म्हणजे रागावलेला किंवा आजारी नव्हे. वहिनी नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांना तसं वाटलं होतं आणि पहिल्याच गुरुवारी त्यांनी माहेरी निरोप धाडला होता. दादाचं म्हणणं एवढंच, की सहा दिवस कानात धान भरडलं, सातव्या दिवशी कान धुऊ द्यावेत. म्हणून गुरुवारी त्याच्या घरी मिक्सर लागत नाही, चटणी पाट्यावर वाटतात आणि पाहुण्यानं जोरात हसायचं नाही. मी जोरात हसतो. त्यामुळे मला बहुधा रविवारचं बोलावणं असतं.

गिरणीच्या मागच्या खोलीत दोन रिकाम्या ड्रमांवर प्लायवूडची एक फळी टाकली आहे आणि त्या फळीवर जुनं गाव आहे. खरं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. दादानं ते घराघरानं पुन्हा बांधायला घेतलं, दर गुरुवारी थोडं थोडं, आणि त्याला दहा वर्षं झाली. घरं लग्नपत्रिकांची. त्यातही त्याचा नियम आहे: ज्याचं घर त्याच्याच घरच्या पत्रिकेचं. पाटलांचं घर पाटलांच्या थोरल्याच्या पत्रिकेचं, मास्तरांचं मास्तरांच्या मुलीच्या. कुणाच्या पत्रिकेवर गणपती असतो, कुणाच्या पत्रिकेवर बुद्ध. चित्राची आणि नावांची बाजू तो नेहमी घराच्या आत ठेवतो, कारण त्याच्या मते माणसं आत राहतात. एका म्हाताऱ्यानं जन्मभर लग्नच केलं नव्हतं. त्याचं घर कितीतरी वर्षं अडून होतं. शेवटी तेरवीचं कार्ड आलं तेव्हा उभं राहिलं. माझ्या लग्नाची पत्रिका चांगली जाडजूड होती, सोनेरी कडेची, आणि माझ्या सासऱ्यांना तिचा अभिमान होता. तिचा दादानं कोंडवाडा केला. मी तक्रार केली तर म्हणाला, "तुझं घर इथं होतं काय, बापू? तू तं मामाकडे सुट्टीत येणारा. पण पुट्ठा मजबूत होता, वाया काहून घालवू?" आज माझ्या लग्नात तीन मातीच्या म्हशी बांधलेल्या आहेत. बायकोला मी हे अजून सांगितलेलं नाही.

छपरं धानाच्या फोलपटांची. धानाचा दाणा सोलला की फोलपटाच्या दोन वाट्या निघतात, आणि नीट पाहिलं तर प्रत्येक वाटी म्हणजे कौलारू घरावरचा इवलासा कवेलू असतो. गिरणीतून फोलपटं पोत्यानं निघतात, पण ती चुरा होऊन. म्हणून हा गिरणीमालक दाराशी बसून दाणे नखानं सोलतो आणि मुलीच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं फोलपटं छपरावर बसवतो, एक उताणं, एक पालथं, खऱ्या कवेलूंसारखं. कहर म्हणजे दरवर्षी पावसाळ्याआधी तो ही घरं फेरतो. कवेलू काढायचे, फुटके बदलायचे, पुन्हा मांडायचे, जसं जुन्या गावात करत. खोलीवर स्लॅब आहे, थेंबभर पाणी यायची सोय नाही, हे मी त्याला दाखवून दिलं. त्यानं स्लॅबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं फोलपट उचललं.

हे चालू असताना समोर टीव्ही असतो. जिल्हा फुटला त्या वर्षी घेतलेला, पाठीमागे मोठं पोट असलेला. मुलगी लहान होती तेव्हा पवनीच्या बाजारातून तिच्यासाठी आणलेल्या कार्टूनच्या सीड्या त्यावर लागतात, आवाज बंद करून. सगळी जुन्या पद्धतीची कार्टूनं, अचाट ताकदीच्या वीरांची. ती मोठी झाली, शिकली, नागपूरला नर्स झाली, आणि सीड्या बापाकडे राहिल्या. वीरांची इंग्रजी नावं दादानं कधी पाठ केली नाहीत. उडणाऱ्याला तो दुपट्टेवाला म्हणतो. दुपट्टेवाला राक्षसाला उचलून एखाद्या इमारतीवर आपटतो, इमारत कोसळते, आणि कुणीही टाळ्या वाजवाव्यात अशा त्या क्षणी दादाचा चिमटा थांबतो. "या बिल्डिंगीतले लोक कुठं गेले?" मी म्हटलं, दादा, कार्टून आहे. तो म्हणाला, "असन. पण सामान तं काढू द्यावं लागते न माणसायले."

त्याचा आवडता मात्र पाण्यातला. हा वीर वीरांच्या बैठकीत कोपऱ्यात बसतो, त्याला उडता येत नाही, डोळ्यांतून किरण निघत नाहीत, मासे तेवढे त्याचं ऐकतात. आणि संकटं तर सगळी कोरड्या जागी येतात. भाग संपताना बाकीचे वीर आभाळात उडून जातात आणि हा खडकावरून पाण्यात सूर मारतो. दादा फक्त तेवढ्यासाठी शेवटपर्यंत बसतो. मी एकदा म्हटलं की हा तुझा वीर काही कामाचा नाही. तर म्हणाला, "तो कामासाठी थोडीच जाते पाण्यात." मी जोरात हसलो. त्यानंतरचे चार महिने मला फक्त रविवारी बोलावलं.

तर मागच्या वर्षी मुलीचं लग्न जमलं. मुलगा नागपूरचाच, नोकरीवाला, बोलायला गोड. दादानं होकार दिला, हॉल ठरला, जेवणात काय काय ते ठरलं, आणि मग मुलगी म्हणाली की पत्रिका छापायच्या नाहीत, फोनवर पाठवू. आजकाल सगळे तसंच करतात, छापलेल्या पत्रिका लोक रद्दीत टाकतात. दादा म्हणाला, छापायच्या. का, तर सांगेना. ती म्हणाली, निदान कारण तरी सांगा. त्यानं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. वहिनींचा मला फोन आला, की घरात तीन दिवसांपासून गुरुवार चालू आहे, भाऊजी, तुम्हीच या, तुमचं ऐकतील. माझं आजवर माझ्या घरी कुणी ऐकलेलं नाही, कचेरीत तर शिपाईसुद्धा ऐकत नाही. अशा माणसाला हे वाक्य फार गोड लागतं. मी रजा टाकून पहिली बस पकडली.

पोचलो तो खरोखरचा गुरुवार होता. दादानं बोटानं बसायची जागा दाखवली. वहिनींनी चहा दिला आणि माझ्याकडे आशेनं पाहून त्या आत गेल्या. मी हलक्या आवाजात सुरुवात केली. काळ बदलला, कागद वाया जातो, पोरं शिकलेली आहेत, आपण थोडं नमतं घ्यावं. चांगलं बोललो असेन, कारण बोलता बोलता मला स्वतःला पटत चाललं होतं. दादा दाणे सोलत होता. टीव्हीवर दुपट्टेवाला कुठलासा पूल उचलत होता. मुद्दा ठासून सांगायला मला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून मी कप फळीवर ठेवला, पारापाशी एवढीशी मोकळी जागा होती तिथं.

"कप उचल," दादा म्हणाला.

मी उचलला. चहाचं गोल ओलं वर्तुळ उमटलं होतं. मी रुमालानं पुसत विचारलं, इथं काय होतं?

"आपलं घर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पूर्ण गाव उभं होतं, शाळा होती, विहीर होती, माझा कोंडवाडासुद्धा होता. फक्त पाराशेजारची मामांच्या घराची जागा रिकामी होती, आणि इतक्या वर्षांत मी तिथं कितीदा तरी कप ठेवला असेल.

"सगळ्यायच्या पत्रिका आल्या," दादा चिमट्याकडे पाहत म्हणाला. "आपल्या घरची कोणती? माझ्या लग्नात बाबानं सायकलवर फिरून आवतण देल्लं, छापलं काहीच नाही. एकच पोरगी आहे. तिच्यासाठी जागा सोडून ठेवली होती. आता तिची पत्रिका फोनात येऊन राहिली. फोनाचं घर कसं करू, सांग."

मी म्हटलं, मग हे तिला सांगितलं का नाहीस?

"कायले? लग्न तिचं आहे. तिले वाटन, बापाले पुट्ठा पाह्यजे."

कुणाला बोलू नकोस, असं त्यानं मला निघताना दोनदा बजावलं. बस पवनीला पोचायच्या आत मी पुतणीला फोन करून सगळं सांगितलं होतं. माझ्यात टिकणारी गोष्ट म्हणजे फक्त सर्दी. तिनं एवढंच विचारलं, "काका, जागा केवढी आहे?"

मी म्हटलं, चहाच्या कपाच्या बुडाएवढी, थोडी जास्त.

पुढच्या महिन्यात दादाचा निरोप आला, गुरुवारी ये. गुरुवारचं बोलावणं! मी शर्टाला इस्त्री करून गेलो. फळीवर कात्री होती आणि कात्रीशेजारी पत्रिका. पुतणीनं एकच छापून आणली होती, तळहातात मावेल एवढी, पुट्ठा कोंडवाड्यापेक्षाही जाड. बाकी जगाला लग्न फोनवरच कळलं. मी उघडून वाचली. मजकूर नेहमीचाच होता, फक्त निमंत्रकाच्या नावाखाली नव्या गावचा पत्ता नव्हता. लिहिलं होतं: जुनं गाव, पाराजवळ.

"कापवत नाही, बापू," दादा म्हणाला. "आठ दिवस झाले कात्री घेऊन बसून राहिलो."

मग त्यानं कापलीच नाही. पत्रिका जशी दुमडलेली होती तशीच घेतली, थोडी उघडली आणि नावं आत ठेवून पाराशेजारी पालथी उभी केली. दोन्ही बाजूंना उतार आला. घराला भिंती नव्हत्या, पण छप्पर अगदी बरोबर होतं. टीव्हीवर तेवढ्यात भाग संपत आला. सगळे उडून गेले आणि पाण्यातल्यानं सूर मारला. "चालला घरी," दादा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चिमटा माझ्या हातात दिला.

मी जीव मुठीत धरून पाच फोलपटं लावली. हसलो नाही, बोललो नाही, श्वासही बेतानं घेतला. लग्न झालं, छान झालं, दादा विहिणीच्या मंडळींशी चांगला मोठ्यानं बोलला, कारण तो रविवार होता.

त्यानंतर पुन्हा गेलो तेव्हा घर पूर्ण झालं होतं. जवळून पाहिलं तर माझी पाचही फोलपटं ओळखू येत होती, कारण ती सगळी मी पालथीच लावली होती. मध्ये पाणी वाहायला उताणं एकही नव्हतं. बाकीचं छप्पर रेघ मारल्यासारखं, आणि तेवढ्याच जागी घोटाळा. मी ओशाळून चिमटा मागितला, म्हटलं, बदलून देतो, नाहीतर तू बदल.

दादानं वाकून पाहिलं. नखातला दाणा सोलला, त्याच्या दोन वाट्या वेगळ्या ठेवल्या.

"राहू दे," तो म्हणाला. "तू सुट्टीत येऊन जिथं निजे न, तिथंच गळे आपलं घर."