गिअरबॉक्समधलं बियाणं

कामणच्या नथूला माणूस म्हणून सगळं गाव मानायचं. मेकॅनिक म्हणून कुणी दारातही उभं केलं नसतं. त्याच्याकडे भाताचं शेत होतं आणि एक जुनी पांढरी फियाट होती. दोन्ही एकाच डोक्याने चालवायची हा त्याचा हट्ट.

आता भाताचं बियाणं दर वर्षी थोडं राखून ठेवतात, ते ठीक. या बाबाने गिअरबॉक्सचं तेलही तसंच राखलं! तेल बदलायची वेळ आली की जुन्यातलं पेलाभर काढून ठेवायचा आणि नव्यात ओतायचा. म्हणे नव्या तेलाला गाडीची सवय लागली पाहिजे. झिजलेल्या दात्यांचा लोखंडी चुरा दर खेपेला असा सन्मानाने परत आत. शेवटी फियाट इतकी बोंबलायला लागली की ती दिसायच्या आधीच कुत्री रस्ता सोडायची.

तशात नथूच्या एकुलत्या एक लेकीचं, जागृतीचं लग्न ठरलं. मुलगा आचोळ्याचा, हितेश. नथूचं एकच मागणं होतं: लेकीला सासरी आपल्या गाडीतून आपणच नेऊन सोडणार. जागृती म्हणाली, न्या की, पण या बोंबेत नाही. गाडी आधी स्टॅनीकडे जाऊ दे, नाहीतर हितेशच्या मामांची मोठी गाडी येतेच आहे. नथूने तोंड फुगवलं. बायको बायजाने मग त्याला जेवायलाही हाक मारली नाही, तेव्हा फुगा आपोआप उतरला आणि गाडी स्टॅनीकडे गेली.

स्टॅनी म्हणजे नथूचा शाळेपासूनचा दोस्त, गॅरेजवाला. त्याने गिअरबॉक्सच्या कडेचं बूच काढून आत बोट घातलं. तेल भोकाच्या काठापर्यंत हवं. ते बोटाला लागेचना. मग खालचं बूच काढलं, तर ओघळला चमचमता चिखल. स्टॅनीने ज्या शिव्या दिल्या, त्या त्याने कन्फेशनला फादरनाही पूर्ण ऐकवल्या नसतील. बेअरिंग बदललं, गिअरबॉक्स धुतला. नवं तेल भरायच्या वेळी नथूने गुपचूप धरून ठेवलेला पेला पुढे केला.

"थोडं घाल ना. बियानं हाय."

स्टॅनीने पेला घेतला आणि सरळ भंगाराच्या पिंपात उपडा केला. नथूला खरंच वाईट वाटलं.

लग्न लागलं. पाठवणीला बायजा रडली, शेजारणी रडल्या. नथू मात्र छाती काढून स्टिअरिंगवर बसला. गाडी निघाली ती अगदी गुपचूप, आवाज म्हणून नाही.

चिंचोटीला हायवे लागला आणि नथूला हुंदका फुटला. जुनी बोंब असती तर बापाचं रडं तिच्यात खपून गेलं असतं. आता मागच्या सीटवर नव्या जावयाला एकेक हुंदका स्वच्छ ऐकू येत होता. हितेश बिचारा खिडकीबाहेर बघत बसला. मागचे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न मारत होते.

जागृतीने पुढे वाकून बापाच्या खांद्यावर हात ठेवला. तिचेही डोळे वाहतच होते.

"बाबा, मघापासून दुसऱ्याच गिअरमध्ये चालवताय. तिसरा टाका ना."

"टाकतो गं," नथू म्हणाला, आणि आचोळं येईपर्यंत टाकला नाही.