घोड्यांच्या पुस्तकांपाशी

आम्ही कॅनडातल्या ग्वेल्फला नवीन होतो तेव्हा दर शनिवारी मी लेकीला लायब्ररीत नेत असे. तिला फक्त घोड्यांची पुस्तकं लागत. त्याच शेल्फपाशी एक उंच, वयस्क बाई बसलेल्या असत. त्यांची नजर अधू झाली होती. पुस्तक उघडून त्या चित्रातल्या घोड्याच्या मानेवरून नुसता हात फिरवत.

एकदा लेकीनं त्यांना विचारलं, "शुड आय रीड इट टू यू?" तेव्हापासून ती वाचायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. खरारा कसा करावा, खूर कसे साफ करावेत, सगळं. त्यांचं उभं आयुष्य तबेल्यात घोडे सांभाळण्यात गेलं होतं. आता त्या एका अपार्टमेंटमध्ये राहत.

मोठेपणी आपणही हेच काम करणार, असं लेक म्हणू लागली तेव्हा मी धास्तावले. बाईंना विचारलं, "यात पोट भरतं का हो?"

"माझं भरलं," त्या म्हणाल्या. "पण तिला हिवाळ्यात एक दिवस तबेल्यात काढू दे. मग तीच सांगेल."

जानेवारीत मी दोघींना गावाबाहेरच्या एका तबेल्यात नेलं. लेकीनं कुडकुडत लीद काढली. बाईंनी ग्लव्हज उतरवले आणि एका म्हाताऱ्या घोडीच्या मानेत तोंड खुपसून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

गाडीत बसताच लेक म्हणाली, "कॅन वी कम अगेन?" मी गाडी सुरू केली. बाईंचं घर आल्यावर त्यांना हात देऊन उतरवलं, त्यांच्या कोटावरचं गवत झटकू लागले.

त्यांनी हळूच माझा हात धरला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "हा कोट मी आता धुणार नाही."